कोटाईला दाढी निघाली

आमच्या आईला दाढी हाय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे मधे फिदीफिदी करू नका.

आई म्हणजे कोटाई. खारेकोट हे आमचं गाव तारापूरच्या अलीकडं हाय, समुद्राला पाठ लावून बसलेलं. गाव कसलं, फिरंग्यांनी बांधलेला कोट नि त्याच्या आत आमची घरं. चारी बाजूंनी भिंत. परक्या माणसाला वाटतं, काय बाई, किल्ल्यात राहतात! किल्ल्यात राहणं म्हणजे काय ते आमाला विचारा. तोफांच्या भोकांत आमी वाळवणाचे बांबू खुपसतो. बुरुजावर डिशा लावल्यात, कारण खाली टीव्ही धड दिसत नाय. समुद्राकडची भिंत हाय म्हणून माझी पानवेल जगते, नायतर खारा वारा एका हंगामात तिची राख करेल. भिंत कोणी बांधली, कोणाच्या भीतीनं बांधली, ते माझ्या वेलीला ठाऊक नाय नि तिचं काय अडलंही नाय.

कोटाला वेशीचा दरवाजा एकच. त्याच्या कमानीत डाव्या हाताला कोनाडा, नि कोनाड्यात कोटाई उभी. कमरेएवढी दगडी मूर्ती, कडेवर बाळ. अंगावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर असा थापलेला, की नाकडोळे नुसते अंदाजानं ओळखायचे. बाळ मात्र लख्ख कळायचं. आता कडेवर पोर घेऊन उभी हाय म्हटल्यावर ती बाई नसून कोण असणार? आमच्या कोटात तरी पोर कडेवर घेऊन तासभर उभा राहिलेला बाप्या मी अजून बघितला नाय. म्हणून ती आई. बाळंतिणींची आई, पोराबाळांची आई.

तिची रीत अशी. कोटात मूल झालं की सहाव्या दिवशी आईबापानं आपल्या हातानं त्याला कोटाईच्या पायावर घालायचं. तोवर त्या मुलाला तिच्या समोरून न्यायचं नाय. दवाखान्यातून बाळ घरी येतं तेही मागं समुद्राकडं भिंत ढासळलीय त्या खिंडारातून, कुंची डोळ्यांवर ओढून. नि तोवर कोटाईला कोणी हात लावायचा नाय. शेंदूर नाय, नवं लुगडं नाय. ती वाट बघत उभी असते, तिला मधेच हलवायचं नाय. पोर पायावर आलं की मग शेंदूर, हिरवं लुगडं नि नारळ. रीत कोणी घातली म्हणाल तर मला माहीत नाय. माझ्या सासूनं मला सांगितली नि मी माझ्या सुनेला.

आता तात्यांबद्दल सांगते. तात्या म्हणजे माझे मालक. अख्खा कोट त्यांना तात्या म्हणतो, म्हणून तुमाला सांगतानाही तात्याच म्हणते, तोंडावर आपलं ‘अहो’. बोईसरच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून त्यांना कशाचे तरी अध्यक्ष व्हायचंच होतं, ते गाव समितीचे झाले. त्याच सुमाराला मुंबईच्या किनारा वारसा प्रतिष्ठानाचा दिग्विजय आमच्याकडं यायला लागला. पोरगा वाईट नाय, हे आधीच सांगून टाकते. चपला बाहेर काढायचा, ताटातलं सगळं संपवायचा, काकू काकू करायचा. त्याला कोटाच्या भिंती आवडायच्या. एखाद्या दगडावरून असा हात फिरवायचा, की म्हटलं याचं लग्न लवकर करायला हवं.

तर दिग्विजयनं वेशीच्या कमानीची डागडुजी काढली. कमानीतला एक दगड सुटायला आला होता, तो पडला असता तर कोणाच्या तरी टाळक्यातच पडला असता. चांगलं काम होतं. गवंडी आले, ठोकाठोकी सुरू झाली. मी वाडीत पानं खुडत होते तेवढ्यात बंदरावरची हंसा धावत आली. हंसा मासे विकते, कोटाच्या उत्तरेच्या भिंतीला आतून लागून तिचं घर, नि आमची दोघींची मैत्री लग्न होऊन आलो तेव्हापासूनची. ती कधी धावत नाय. धावली म्हणजे कोणी तरी गेलं असणार, असं मला वाटलं.

“जयवंती, चल,” ती म्हणाली, “आईनं खोळ टाकली.”

देव कधीकधी शेंदराची खोळ टाकतो हे ऐकून होते. चांगलं लक्षण मानतात. ओच्यातली पानं तिथंच टाकून मी पळाले. कमानीत गर्दी जमलेली. कोनाड्याखाली शेंदराचे हे एवढे खापे पडलेले, एखादं मडकं फुटावं तसे. नि वर कोटाई उभी, काळ्या दगडाची, स्वच्छ. लांब नाक, पडलेले खांदे, लुगड्याआडून दिसणारा घोळदार झगा. नि हनुवटीवर छातीपर्यंत आलेली दाढी.

मागून एका पोरट्यानं खिक्‌ केलं, नि सगळी कमान हसायला लागली. बाया पदरात तोंड घालून हसत होत्या, गवंडी हसत होता. मीही हसले, खोटं कशाला बोलू? तात्या तेवढे हसले नायत. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला नि मूर्तीच्या गळ्याभोवती गुंडाळून दाढी झाकली. त्यानं तर ती अगदी न्हाव्यापुढं बसल्यासारखी दिसायला लागली, नि लोक आणखीच खिदळले, तसा त्यांनी तो परत ओढून घेतला.

दिग्विजय मात्र गुडघ्यावर बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी. “काकू, हे संत जोसेफ असावेत,” तो मला म्हणाला. “कडेवर बाळ येशू आहे. इतकं जपलेलं शिल्प मी या किनाऱ्यावर पाहिलेलं नाही. तुमच्या शेंदरानंच ते वाचलं.”

“बरं झालं मग,” मी म्हटलं. “उद्या नवा लावू.”

पण उद्या काही तो लागला नाय. माझी सून मेघाली नववा महिना भरत आलेली. रीत मूल झाल्यावरची खरी, पण जवळ आलेलं बाळंतपण डोळ्यांसमोर असताना आईला हात कसा लावायचा? नि तेवढ्या दिवसांत बातमी पसरली. लोकांना काय, आयतं कोलीत मिळालं. केळव्याच्या बाजारात कोणीतरी तात्यांना विचारलं, “आईसाहेबांना वस्तरा पाठवू का?” शेजारच्या माहीमला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत म्हणे हाच विषय. तात्या जेवण अर्धं टाकून घरी आले. इतकी वर्षं गावानं फिरंग्यांच्या बाबाला खणचोळी चढवली, बाळंतिणींनी त्याला आई म्हणून हाका मारल्या, याची त्यांना अशी काही लाज वाटायला लागली, की वेशीतून जाताना ते मान दुसरीकडं करायचे.

“बाप्याला लुगडं नेसवलं आपण,” ते मला म्हणाले.

“मग? तक्रार केली का त्यानं कधी?”

“तुला सगळ्याची चेष्टाच सुचते.”

“चेष्टा नाय. माझ्याही हनुवटीवर दोन केस हायत. उद्या मलाही बाहेर काढणार का?”

यावर ते उठून गेले. आमच्याकडं उत्तर सापडलं नाय की उठून जायची पद्धत हाय.

मग देवळाच्या ओट्यावर गावाची बैठक झाली. दिग्विजयनं माईकवर सांगितलं, की मूर्ती उघड्यावर राहिली तर खारी हवा तिला खाईल. पालघरला त्यांचं दालन होतंय, तिथं ती काचेच्या पेटीत राहील, खाली पाटीवर खारेकोटचं नाव असेल. गावातले बापे तर वाटच बघत होते. न्या बाबा न्या, म्हणाले. एक जण म्हणाला, जागेवर दुसरी बसवू, छानपैकी संगमरवराची, बाईच दिसेल अशी. टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. तात्या अध्यक्षाच्या खुर्चीत, नि मी समोर बायांत. म्हटलं, “न्यायची ती न्याल. पण ती आता माझ्या सुनेची वाट बघतेय. तिला मधेच उचलायचं नाय.”

मेघालीचं तुमाला सांगायला हवं. मनोरची पोर, शिकलेली, बोईसरला एका औषधाच्या कंपनीत रसायनं तपासते. माझ्या प्रफुल्लशी लग्न झालं, नि त्यानंतर दोनदा तिचं पोट रिकामं झालं. दुसऱ्या वेळी तर पाचवा महिना होता. तेव्हा मी कोटाईपुढं पदर पसरला होता, की एवढं एक जगू दे, तुझ्या पायावर घालीन, मग मला काही नको. हा नवस अख्ख्या कोटाला ठाऊक होता. त्यामुळं बैठकीत कोणी माझ्याशी वाद घातला नाय. दिग्विजय तर चटकन म्हणाला, “काकू, रीतीचा मान ठेवायलाच हवा. कोटातलं एकही जण पायावर घालायचं राहिलं असेल, तोवर आम्ही मूर्तीला हात लावणार नाही. शब्द देतो.” तात्यांनी नारळ मागवला नि त्यावर हात ठेवून तेच गावासमोर बोलले. त्यांना वाटलं, महिन्याभराचा तर प्रश्न हाय.

मेघालीला पालघरच्या दवाखान्यात मुलगी झाली. एवढीशी, लालबुंद, नि आवाज मात्र भोंग्यासारखा. तिला आमी चिमी म्हणायला लागलो. खिंडारातून कुंची ओढून घरी आणली. मी तिला तेल लावायची, शेकायची, नि सारखी रडायची. मेघाली म्हणायची, “आई, आता रडायला काय झालं?” काय झालं ते मला तरी कुठं सांगता येत होतं?

सहावा दिवस उजाडला. चिमीला नवं झबलं, डोळ्यांत काजळ, गालाला तीट. मेघालीच्या हातात चिमी, बाजूला प्रफुल्ल, पुढं मी नारळ नि लुगडं घेऊन. आमच्या मागं अख्खा कोट. वेशीकडं वळलो तर कमानीच्या तोंडाशीच टेम्पो उभा. हौदा उघडलेला, आत भाताचा पेंढा पसरलेला, नि बाजूला दोरखंड घेऊन चार माणसं विड्या ओढत बसलेली. आमी कधी एकदा पाया पडतो नि ते कधी एकदा बांधतात, एवढाच काय तो अवकाश.

माझा पाय उचलेना. देवाशपथ सांगते, आधी काही ठरवलं नव्हतं. पण तो दोरखंड बघितला. म्हटलं, बाई गं, तू माझ्या सुनेचं बाळंतपण करायला उभी राहिलीस, नि मी हातात नारळ घेऊन तुला तिरडीवर चढवायला निघाले की काय!

तेवढ्यात चिमीला शिंक आली.

“परत फिरा,” मी म्हटलं. “शिंक आली. आज नाय.”

“अगं, लहान पोर हाय, शिंकणारच,” तात्या म्हणाले.

“अपशकुन तो अपशकुन. परत फिरा.”

मेघालीनं माझ्याकडं एकदा बघितलं, टेम्पोकडं एकदा बघितलं, चिमीची कुंची खाली ओढली नि गर्रकन वळली. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा चिमीला पुन्हा शिंक आली. तिसऱ्या दिवशी तर मी सकाळीच निरोप धाडला, की पोरगी शिंकतेय, डिझेल फुकट जाळू नका. चौथ्या दिवशी तात्या भडकले.

“सरळ सांग ना काय ते!”

“सरळ सांगते. चिमीला पायावर घालणार नाय. तुमी नारळावर हात ठेवलाय, गावासमोर. ती राहिलीय तोवर आई हलायची नाय.”

“नि तुझा नवस?”

“नवस माझा हाय. मी बघीन.”

बोलायला काय जातं! पण त्या दिवसापासून माझ्या जिवाला जो घोर लागला तो मला नि माझ्या उशीला ठाऊक. नवस बोलून फेडला नाय तर काय होतं याच्या शंभर गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. पोर जरा जास्त झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरायची.

पुढं हंसाला नातू झाला, देवू. सहाव्या दिवशी हंसानं वेशीत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “आमच्या देवूलापन शिंका येतात. भारी शिंकतो मेला.” मग काय! दोन्ही पोरं खिंडारातून यायची नि खिंडारातून जायची. डोस द्यायला खिंडारातून, अंगणवाडीत खिंडारातून, जत्रेला खिंडारातून. वेशीतून पाच मिनिटांत रिक्षा मिळते, तिथं आमी पुळणीतून अख्ख्या कोटाला वळसा घालून चपलांत वाळू घेऊन यायचो. बायांनी तिथले दगड बाजूला केले, पायऱ्या केल्या. फिरंग्यांनी एक दरवाजा केला होता, दुसरा आमी केला.

बाकी कोटाईला हात लावता येत नव्हता, ते आमालाही लागू होतं. तिचं लुगडं उन्हानं विटलं, किनार उसवली. शेंदूर नाय, त्यामुळं दाढी येणाऱ्याजाणाऱ्याला उघडी दिसायची. पहिल्यांदा लोक मुद्दाम बघायला आले, फोटो काढून गेले. मग कंटाळले. तात्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. जेवताना मेघालीला सांगायचे, “तुझ्या सासूला सांग, आमटीत मीठ नाय.” मी मेघालीला सांगायची, “तुझ्या सासऱ्याला सांग, मिठाचा डबा हाताशीच हाय.” मेघाली बिचारी जेवण सोडून टपालाचं काम करायची. दिग्विजय अधूनमधून यायचा, ओट्यावर बसून चहा प्यायचा नि हळूच विचारायचा, “काकू, शिंक थांबली का?” मी म्हणायची, “हवा बघतोस ना कशी पडलीय ती?”

एका दुपारी चिमीला ताप चढला. दीड वर्षाची असेल. सकाळी खेळत होती, जेवणाच्या वेळेला अंग तव्यासारखं. डोळे फिरवायला लागली नि माझी छाती फाटली. म्हटलं, आली. वेळ आली. तिला उचलली, पदरात गुंडाळली नि अनवाणी वेशीकडं निघाले. मेघालीनं दारातच आडवा हात धरला.

“कुठं, आई?”

“तू चल, प्रफुल्लला हाक मार. तिच्या पायावर घाला पोरीला. नेऊ दे ती मूर्ती कुठं न्यायची तिथं. जाऊ दे सगळं खड्ड्यात. माझी पोर जगली पायजे.”

“पोर जगायला हवी म्हणूनच दवाखान्यात चला. द्या इकडं.”

“तुला काय कळतंय!” मी ओरडले. “तुझा विश्वास तरी हाय का तिच्यावर? तुझं सगळं त्या काचेच्या नळीत!”

मेघालीनं चिमीला माझ्याकडून घेतलं. “विश्वासाचं मला विचारू नका,” ती म्हणाली. “दुसऱ्या वेळी माझं गेलं, तेव्हा मी रिकाम्या हातानं परत आले. रिकाम्या बाईला खिंडार नसतं, आई. मी वेशीतून आले. कमानीत बाया बसल्या होत्या, सगळ्यांनी माना फिरवल्या. तुमीसुद्धा. ती एकटी तेवढी माझ्याकडं बघत होती. तिला कोणी नेलं तर मला खपणार नाय. आता व्हा बाजूला.”

मी बाजूला झाले. खिंडारापाशी पोचलो तर तात्या स्कूटर चालू करून उभे. कोटाला वळसा घालून, पुळणीतून ढकलत आणली होती, घामानं निथळत होते. स्कूटर वेशीतच ठेवून पोरीला तिथून बाहेर काढली असती तर अर्ध्या वेळात झालं असतं, पण त्यांनी तसं केलं नाय. चिमीला नि मेघालीला मागं बसवून ते गेले. संध्याकाळी ताप उतरला, साधा घशाचा होता. मी मात्र दोन दिवस अंथरुणातून उठले नाय.

त्यानंतर हंसाचा मुलगा बायकोपोरासकट सातपाटीला राहायला गेला. देवू कोटातला राहिला नाय. मधे कोटात दुसरं कोणाला मूल झालं नाय. उरली एकटी चिमी. अख्ख्या कोटाईचा भार त्या चिमुरडीवर, नि ती मेली दिवसभर कोंबड्यांच्या मागं.

नि व्हायचं तेच झालं. यंदा दिवाळीनंतरची गोष्ट. पालघरच्या दालनाचं उद्‌घाटन जवळ आलं होतं, म्हणून दिग्विजय पुन्हा टेम्पो घेऊन तात्यांची मनधरणी करायला आला. त्याचा ड्रायव्हर नवा होता. सावलीसाठी त्यानं टेम्पो कमानीत मागं घ्यायला सुरुवात केली. मी वाडीच्या कुंपणाशी होते. बघते तर चिमी कोंबडीमागं धावत थेट कमानीत शिरलेली. मागून मेघाली, “चिमे, थांब!” टेम्पो मागं येतोय, ड्रायव्हरला काही दिसत नाय, कमान अरुंद. मेघालीनं झेप घेतली, पोरीला दंडाला धरून उचलली नि समोर जागा दिसली तिथं वर ठेवली. स्वतः भिंतीला चिकटली. टेम्पो तिच्या पदराला घासून थांबला.

चिमी कोनाड्यात होती. कोटाईच्या पायावर. रडलीबिडली काही नाय. वर बघितलं, नि दोन्ही हातांनी दाढी धरून उभी राहिली.

माणसं जमली. मेघालीचा चेहरा पांढराफटक. “आई,” ती म्हणाली, “माझ्या हातानं झालं.”

माझं तुमाला खरं सांगू? आधी मला आनंदच झाला. एवढ्या वर्षांचा दगड छातीवरून उतरला. नवस फिटला, पोर आईच्या पायावर आली. मी हात जोडले, डोळे भरून आले. मग डोळे पुसले नि दिग्विजय दिसला.

तो हळू आवाजात म्हणाला, “काकू, झालं. आईच्या हातानं पायावर आली. आता कोणी राहिलं नाही.” त्याला वाईट वाटत होतं, तेही मला दिसत होतं. पण माणसांनी टेम्पोतला दोरखंड काढायला घेतला होता.

“बास झालं आता,” तात्या म्हणाले. दोन वर्षांनी ते थेट माझ्याशी बोलत होते. “लढलीस तेवढी पुष्कळ लढलीस. आता हो बाजूला.”

मी पुढं गेले. चिमीला उतरवून मेघालीच्या कडेवर दिली. नि कोनाड्यापुढं उभी राहिले, पाठ कोटाईकडं, तोंड लोकांकडं. काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं नि तेच बाहेर आलं.

“माझं राहिलंय.”

“तुझं काय राहिलंय?”

“मी मासवणची. मी जन्मले तेव्हा मला कोणी आणलं होतं हिच्यापुढं? लग्न करून या कोटात आले, इथलं पाणी भरलं, इथं म्हातारी झाले. मी कोटातली हाय की नाय? मला पायावर घालायचं राहिलंय.”

“अगं, वरातीत पाया पडलीस की! मी होतो शेजारी!”

“पाया पडणं निराळं नि पायावर घालणं निराळं. ते आईबापानं घालायचं असतं. माझा बाप गेला, आई गेली. आता मला कोण घालणार? तुमी? म्हणजे माझं राहिलं ते राहिलंच.”

आईचं नाव तोंडात आलं नि माझा आवाज फुटला. त्याची मला लाज वाटली नाय. गर्दीतून हंसा पुढं आली, डोक्यावरची माशांची टोपली खाली ठेवली नि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. “मी डहाणूकडची. माझापन बापूस नाय, आयस नाय.” मग केळव्याची एक सून आली. मग माहीमच्या दोघी. मेघाली चिमीला कडेवर घेऊन आली नि म्हणाली, “माझे आईबाप मनोरला हायत, खणखणीत हायत. पण त्यांना सवड नाय.” बाया हसल्या. ते हसणं दोन वर्षांपूर्वीच्या हसण्यासारखं नव्हतं.

दिग्विजय आमच्याकडं बघत राहिला. “काकू, म्हणजे कधीच नाही?”

“कोटात सुना बाहेरूनच येणार ना, बाबा? ही तरी कुठली इथली! आली लांबून कुठून तरी, कोणी आणली देव जाणे. कोणी झगा घातला, कोणी लुगडं नेसवलं. काही बोलली नाय, नांदली. तिला आता तू म्हणतोस, तू इथली नव्हेस, चल. अरे, असं सुनेला म्हणतात का?”

तात्या पुढं आले. मला वाटलं, आता मला हाताला धरून ओढणार. पण त्यांनी त्या माणसाच्या हातातला दोरखंड घेतला, नीट गुंडाळला नि टेम्पोत टाकला. “नारळावर हात माझा होता,” ते दिग्विजयला म्हणाले. “टेम्पो काढा. रस्ता अडलाय.”

दिग्विजय जेवूनच गेला. जाताना कमानीत थांबून कोटाईला हात जोडले, का जोसेफला, ते त्याचं त्याला माहीत.

आता माझं राहिलंय, म्हणून तिला हात लावायचा नाय. शेंदूर चढणार नाय, विटकं लुगडं बदलणार नाय. मी जिवंत हाय तोवर नाय, नि माझ्यामागं मेघालीचं राहिलेलं हायच. दाढी उघडीच राहील. ज्याला बघायची त्यानं बघावी, नि वाटेतून बाजूला व्हावं, कारण आमच्या पोरी त्या वेशीतून ये-जा करतात.